दोन एक्स म्हणजे डबल आजार? त्या फॉरवर्डला हे उत्तर

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीने एक स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एवढंच, "ताई, हे खरंय का गं?" तिला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची इम्युनिटी स्वतःच्याच त्वचेवर आणि अवयवांवर उलटते तो ऑटोइम्यून आजार, सहा वर्षं झाली. स्क्रीनशॉट आमच्याच फॅमिली ग्रुपवरचा, टाकणारी आमची मावशी. वाचलं आणि झोप उडाली ती उडालीच.

मेसेज लांबलचक आहे, इमोजी उपटून काढले तर पाच मुद्दे उरतात. एक, त्वचेचे ऑटोइम्यून आजार बायकांनाच होतात कारण त्या क्रीमं, मेकअप, हेअर डाय वापरतात. दोन, सगळा खेळ हार्मोन्सचा, पाळी गेली की आजारही जातो. तीन, बाईत एक्स क्रोमोसोम दोन म्हणून आजार डबल, आणि एक्स आईकडून येतो म्हणून आजारी आईची मुलगी आजारी होणारच, सबब अशा बाईने मूल होऊच देऊ नये. चार, हा आजार म्हणजे इम्युनिटी कमी पडणं, ती वाढवा. पाच, गोळ्या २१ दिवस बंद करून बघा, शरीर स्वतःला दुरुस्त करतं.

मी डॉक्टर नाही, बायोलॉजी शिकवते. पण पाचव्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बहिणीला फोन केला तेव्हा कळलं की बाईसाहेबांनी नऊ दिवस गोळी घेतलीच नव्हती. "पण ताई, काहीच झालं नाही बघ." अगं होणार कसं! ती गोळी, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, अंगात अतिशय सावकाश भिनते आणि तितकीच सावकाश निघते, निम्मी बाहेर पडायलाच महिना-दीड महिना जातो. म्हणजे २१ दिवसांत बऱ्याच जणींना काही जाणवणारच नाही, त्या ग्रुपवर "मला फरक पडला" लिहून मोकळ्या होतील, आणि आजार उसळेल तेव्हा तो मेसेज कोणाच्या लक्षातही नसेल. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९१ साली एक ट्रायल छापली होती, आजार शांत असलेल्या पेशंटपैकी निम्म्यांची ही गोळी चालू ठेवली आणि निम्म्यांना, कोणाला कुठली हे न सांगता, नकली गोळी दिली, तर सहा महिन्यांत नकली गोळीवाल्यांमध्ये आजार उसळण्याचा धोका अडीचपट निघाला. आणि ज्यांना स्टिरॉइड चालू आहे त्यांनी ते एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, कारण शरीराने स्वतःचं नैसर्गिक स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, बनवणं तोवर कमी केलेलं असतं.

चौथा मुद्दा दोन ओळींत. इथे इम्युनिटी कमी पडलेली नाही, ती घरच्यांनाच चोर समजून झोडपतेय. तिला आणखी ताकद देऊन काय करायचंय?

आता तिसरा. सगळ्यात जास्त राग याचा आला कारण यात सायन्सचे शब्द आहेत आणि शेवट "मूल होऊ देऊ नका" असा आहे. माझ्या बहिणीला मूल हवंय, हे मावशीला माहीत आहे.

आधी त्यांच्याच लॉजिकने बघू. एक्स आईकडून येतो, बरोबर. पण मुलीला एक एक्स आईकडून आणि दुसरा बापाकडून मिळतो, आणि मुलाकडे जो एकुलता एक एक्स असतो तो मात्र अख्खा आईचा. म्हणजे आजार आईच्या एक्सवर बसून येत असता तर सगळ्यात जास्त मुलग्यांनाच व्हायला हवा होता! प्रत्यक्षात ल्युपसच्या दहा पेशंटमध्ये साधारण नऊ बायका असतात. मेसेज लिहिणाऱ्याने दहावीचं पुस्तक तरी उघडायचं.

दुसरं म्हणजे "दोन एक्स म्हणजे डबल" हेही सरळ नाही. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स अगदी सुरुवातीलाच, ती गर्भात असतानाच बंद केला जातो, कुठल्या पेशीत आईचा बंद तर कुठल्या पेशीत बापाचा. मेरी लायन यांनी हे १९६१ मध्ये मांडलं. हे त्वचेवर चक्क दिसतं. घामाच्या ग्रंथी नीट न बनण्याचा एक आजार आहे, त्याचा जीन एक्सवर असतो. ज्या बाईच्या एका एक्सवर तो दोष आहे तिच्या पाठीला आयोडीन लावून वर स्टार्चची पावडर भुरभुरवली आणि तिला घाम आणला, तर जिथे घाम येतो तिथे निळंकाळं होतं आणि जिथे येत नाही तिथे कोरडे पट्टे राहतात, पाठीवर वळणावळणाने उतरत गेलेले. ज्या पेशीत जो एक्स चालू, तशी त्वचा. मी वर्गात याचा फोटो दाखवते तेव्हा मागच्या बेंचवाले पण मान वर करतात.

हां, आता अर्धं सत्य आहे ते मान्य करते, नाइलाजाने. बंद केलेला एक्स पूर्ण गप्प बसत नाही. त्यावरचे काही जीन चालूच राहतात, आणि त्यातला एक टीएलआर-७, जो व्हायरसचा आरएनए ओळखून इम्यून पेशींना उठवतो, तो काही पेशींत दोन्ही एक्सवरून बोलतो. ज्या पुरुषांना जन्मतः एक्स-वायऐवजी एक्स-एक्स-वाय असतात त्यांना ल्युपसचा धोका साध्या पुरुषांपेक्षा साधारण १४ पट म्हणजे बायकांच्या जवळपास जातो. आणि जो रेणू एक्स बंद करतो, एक्सआयएसटी, त्याला चिकटलेल्या प्रोटीन्सविरुद्ध ल्युपस आणि स्क्लेरोडर्मा, डर्मॅटोमायोसायटिस या त्वचेवर दिसणाऱ्या दुसऱ्या दोन ऑटोइम्यून आजारांच्या पेशंटच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, हे २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी दाखवलं. त्यांनी नर उंदरांतही तो रेणू चालू केला. पण आजार झाला कोणाला? ज्यांची जात मुळात त्या आजाराकडे झुकणारी होती आणि ज्यांना वरून भडकवणारं रसायन टोचलं त्यांनाच. नुसता रेणू असून भागलं नाही. तेव्हा एक्सचा हात आहे, पण "होणारच" कुठून आलं?

आणि जे मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते एक्सवर नाहीच. मिशिगन विद्यापीठातल्या त्वचेवर काम करणाऱ्या टीमने २०१७ मध्ये ३१ बायका आणि ५१ पुरुषांच्या त्वचेचे नमुने तपासले, त्यात ६६१ जीन असे निघाले जे बायकांत आणि पुरुषांत वेगवेगळ्या जोराने चालतात, त्यातले कितीतरी इम्यून सिस्टमचे. त्या गर्दीतून त्यांनी एक म्होरक्या पकडला, व्हीजीएलएल-३, बाकीच्या जीनना चालू-बंद करणारा. तो बायकांच्या त्वचेत जास्त असतो, आणि त्याचा इस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉनशी काही संबंध दिसला नाही. ल्युपस झालेल्या पुरुषांच्या त्वचेतही हीच साखळी पेटलेली होती. मग २०१९ मध्ये त्यांनी उंदरांच्या फक्त त्वचेत हा जीन जास्त चालवला, बाकी अंगाला हात नाही, तर आधी ल्युपससारखे चट्टे, मग रक्तात अँटीबॉडी, मग किडनीपर्यंत मामला गेला. म्हणजे ठिणगी त्वचेतून आत जाऊ शकते. आणि हा व्हीजीएलएल-३ बसलाय कुठे? तीन नंबरच्या क्रोमोसोमवर! तो बाई-पुरुष सगळ्यांना दोन-दोनच मिळतो. फरक आहे तो किती जोरात चालतो याचा, कोणाकडून आला याचा नाही.

राहिली मुलाची गोष्ट. ल्युपस असलेल्या बहुतेक बायकांच्या मुलांना ल्युपस होत नाही. अगदी जुळ्या, हुबेहूब एकाच जीनच्या बहिणींतसुद्धा एकीला असला म्हणून दुसरीला होतोच असं नाही, बऱ्याचदा होत नाहीच. एक गोष्ट खरी आहे, आईच्या रक्तात अँटी-रो नावाची अँटीबॉडी असेल तर ती वारेतून बाळाकडे जाते आणि काही बाळांना चट्टे उठतात, ते काही महिन्यांत आईच्या अँटीबॉडी संपल्या की जातात. क्वचित बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो आणि तो राहतो, म्हणून डॉक्टर आधीच तपासणी करून आणि आजार निदान सहा महिने शांत असताना प्लॅन करायला सांगतात. हे मुलगा-मुलगी दोघांनाही लागू. आणि प्रेग्नन्सीत डॉक्टर जी गोळी चालू ठेवायला सांगतात ती हीच, जी हा मेसेज बंद करायला सांगतोय.

दुसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. आजार जास्त करून पाळीच्या वयात सुरू होतो, म्हणजे हार्मोन्सचा हात असणार. पण लहान मुलींनाही होतो, साठीच्या बायकांनाही होतो, आणि पाळी गेली म्हणून आजार सामान बांधून जात नाही.

पहिल्या मुद्द्यावर काय बोलणार. क्रीमने ॲलर्जी येऊ शकते, ती वेगळी. ल्युपसचा तो गालावरचा लाल चट्टा बघा, दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा धरतो पण नाकपुडीपासून ओठाकडे उतरणारी घडी सहसा सोडून देतो. क्रीम लावताना ती घडी कोण सोडतं हो? उलट बहिणीच्या डॉक्टरांनी तिला रोज लावायला सांगितलेली एकच गोष्ट म्हणजे सनस्क्रीन, कारण उन्हाने आजार भडकतो, आणि मेसेज वाचून तिने तेही बंद केलं होतं. आणि कोड, सोरायसिस हेही ऑटोइम्यूनच, ते बाई-पुरुषांत साधारण सारखेच, मग ते सगळे पुरुष काय हेअर डाय लावत बसतात?

बहिणीने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी परत सुरू केली. मावशीला मी ग्रुपवर काही बोलले नाही, फोन केला, तर ती बिचारी म्हणाली, "अगं मी पूर्ण वाचलाच नव्हता, त्वचेचं काहीतरी दिसलं म्हणून तिच्यासाठी टाकला." लगेच डिलीटही केला तिने. फक्त तिच्या फोनवरून. ग्रुपवर तो अजून आहे, खाली सात अंगठे.