गणिताशिवाय कसलं लिबरल आर्ट्स?

लिबरल आर्ट्स (एकाच विषयात न अडकता अनेक विषय शिकवणारं शिक्षण) म्हणजे ज्यांना गणित-विज्ञान झेपत नाही आणि नोकरीची फिकीर नाही त्यांचे चोचले, असं या शिक्षणावरच्या एका लेखात म्हटलंय. अजिबात पटलं नाही. अमेरिकेतल्या ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजचा अभ्यासक्रम बघा. १९३७ पासून तिथे ठरावीक वाचनाचा एकच अभ्यासक्रम, सगळ्यांना सगळं: ग्रीक, तत्त्वज्ञान, संगीत, प्रयोगशाळा आणि चारही वर्षं गणित. पहिल्या वर्षी प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडची भूमिती. विद्यार्थ्याने फळ्यापाशी जायचं, आकृती काढायची, प्रमेय सिद्ध करून दाखवायचं. मध्येच कुणीतरी विचारतं, ‘ही पायरी कशावरून?’ अडलं की सगळ्यांनी मिळून शोधायचं. पुढे खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी आणि कोपर्निकस, मग न्यूटन, शेवटी आइनस्टाइन, तेही त्यांच्याच लेखनातून. आपल्याकडे दहावीला प्रमेयं पाठ करून पैकीच्या पैकी मार्क पडतात, पण ‘कशावरून’ विचारणारं कुणी भेटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हे शिक्षण फार महाग आहे, हा लेखातला फीचा मुद्दा मात्र रास्त आहे. या कॉलेजची वर्षाची फी ५० हजार डॉलरच्या वर गेली होती. २०१८ मध्ये त्यांनी ती ३५ हजारांवर आणायचं जाहीर केलं. तरी आपल्या मध्यमवर्गीय घराला ती झेपणारी नाहीच. म्हणूनच हे शिक्षण सरकारी विद्यापीठांत यायला हवं. फळा, खडू, वीसेक मुलं आणि स्वतःच्या विषयाबाहेरचं शिकायची तयारी असलेला शिक्षक, एवढ्यावर सुरुवात होते. त्यासाठी प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा आधी भरा.