एक नियमावली, दोन जावई

माझ्या दोन गुंठ्यांच्या प्लॉटमागून एक ओढा वाहतो. अर्थात वाहतो तो पावसाळ्यापुरता, एरवी नुसताच असतो. त्याच्या अलीकडे ग्रामपंचायत आणि पलीकडे महानगरपालिका. पलीकडच्या काठावर आमचे साडू तेवढ्याच जागेवर तेवढेच घर बांधायला निघाल्यामुळे, एकाच सासऱ्याच्या दोन जावयांना सरकार कसकसे वागवते, हे साऱ्या सासरवाडीला घरबसल्या पाहायला मिळाले.

वास्तविक डिसेंबर 2020 मध्ये शासनाने मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळून सगळ्या राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली आहे. पुस्तक एक झाले. ते उघडणारी टेबले मात्र जिथल्या तिथेच राहिली.

साडूंचा नकाशा साहेबांच्या आधी संगणकाने तपासला आणि ‘जिना आढळत नाही’ असा शेरा मारून परत पाठवला. जिना होता, पण तो नकाशाच्या संगणकी फाइलमध्ये चुकीच्या लेयरवर, म्हणजे थरावर, काढलेला असल्यामुळे संगणकाच्या लेखी साडू वरच्या मजल्यावर उडत जाणार होते. पुढे सामासिक अंतरे (म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा), पार्किंग, विकास शुल्क, कामगार उपकर, जोते तपासणी आणि सरतेशेवटी घरात राहायला मुभा देणारे भोगवटा प्रमाणपत्र, अशी वाट होती. “दाजी, तुमचं बरं आहे,” ते मला म्हणत, “एक शिक्का मारला की झालं!”

तो शिक्का ग्रामसेवकांच्या कापडी पिशवीत असे आणि ग्रामसेवकांकडे दोन गावांचा कार्यभार असल्याने पिशवी बहुधा दुसऱ्या गावात असे. एकदा दोघेही सापडले, तेव्हा त्यांनी शिक्क्यावर हाऽ करून वाफ सोडली, तो कागदाच्या दिशेने नेला आणि मध्येच थांबून विचारले, “जागा गावठाणात आहे की बाहेर?” गावठाणात असेल तर परवानगी ग्रामपंचायतीची, बाहेर असेल तर अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे. गावठाणाची हद्द कुठवर, यावर गावात दोन मते होती: वडापर्यंत आणि वडाच्या पुढे. वड कधीच पडला होता, त्यामुळे दोन्ही पक्ष निर्धास्त होते. अखेर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी मागवली आणि हद्द माझ्या कुंपणाच्या हातभर पलीकडून गेली. मी पेढे वाटले.

पेढे संपायच्या आत बँकेने कळवले की ग्रामपंचायतीच्या परवानगीवर गृहकर्ज देण्याचे त्यांचे धोरण नाही. म्हणजे माझ्याकडे परवानगी होती पण पैसा नव्हता, आणि साडूंना कर्ज तत्त्वतः मंजूर होते पण परवानगी नव्हती. आमच्या सासूबाईंनी दोघांनी मिळून एकच घर बांधण्याची सूचना केली. ती दोन्ही लेकींनी फेटाळली.

आता आमचे गाव शहराच्या हद्दीत जाणार अशी कुजबुज आहे, त्यामुळे जो तो हद्दवाढीपूर्वी स्लॅब टाकून मोकळा होण्याच्या घाईत असून रात्रभर मिक्सर घरघरतात. साडूंचा डोळा मात्र उलटीकडे आहे. पुण्यालगतची उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे 2017 मध्ये महापालिकेत गेली आणि पुढे तिथून बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली, हे वाचल्यापासून त्यांनी भोगवट्याची चिंता सोडली आहे. आपल्या बाजूची गावे कधी वगळणार, एवढेच ते नगरसेवकाला विचारून येतात.