‘जिद्दीने कॅन्सर हरवला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या, तळजाईवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. कुणाच्या घरी कॅन्सर निघाला की तो हमखास त्या घरी पोचतो. त्याचा सारांश असा: अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, त्याने किमोचं विष नाकारलं, जिद्दीने, व्यायामाने आणि सकारात्मक विचारांनी कॅन्सर हरवला आणि मग टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सात वेळा जिंकली. आपल्या युवराजनेही तेच केलं. इच्छाशक्ती दांडगी असेल तर कॅन्सर काही करू शकत नाही आणि रोज व्यायाम करणाऱ्याला तो होतच नाही. शेवटची ओळ: ‘त्याचं पुस्तक प्रत्येक पेशंटला भेट द्या.’

पाठवणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण हा मजकूर लिहिणाऱ्याने ते पुस्तक उघडलेलं नाही. आर्मस्ट्राँगचं आत्मकथन २००० साली आलं. त्यातली दवाखान्याची पानं वाचली तर मेसेजमधली बहुतेक वाक्यं तिथेच खोटी ठरतात.

‘डॉक्टरांनी हात टेकले, त्याने किमो नाकारली’

आर्मस्ट्राँग तेव्हा २५ वर्षांचा होता. २ ऑक्टोबर १९९६ रोजी टेक्सासमध्ये त्याला वृषणाचा कॅन्सर असल्याचं कळलं आणि दुसऱ्याच दिवशी उजवं वृषण काढण्यात आलं. तोवर रोग पोटात, फुप्फुसांत आणि मेंदूत पोचला होता. डॉक्टरांना आशा कमी वाटत होती हे खरं, पण घरी कुणी पाठवलं नाही. महिना संपायच्या आत अमेरिकेतल्याच इंडियानापोलिस शहरात विद्यापीठाच्या रुग्णालयात मेंदूतल्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्या. किमोच्या चार फेऱ्या झाल्या, शेवटची १३ डिसेंबरला संपली. अडीच महिन्यांत दोन शस्त्रक्रिया आणि पूर्ण किमो, एवढं त्याने अंगावर घेतलं.

पहिली फेरी ‘बीईपी’ची होती: ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन. यातलं ब्लिओमायसिन फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं, आणि सायकलपटूचं सगळं भांडवल तिथेच असतं. म्हणून पुढच्या तीन फेऱ्यांत ते वगळून आयफॉस्फामाइड असलेलं मिश्रण दिलं गेलं. ते सोसायला आणखी जड, रक्तपेशी त्यात जास्त खाली येतात. हा बदल इंडियानापोलिसच्या डॉक्टरांनी सुचवला. या रोगाचा सर्वांत जास्त अनुभव कुणाकडे आहे याची चौकशी करून तो तिथे गेला होता. त्याच्या जिद्दीबद्दल बोलायचंच असेल तर या चौकशीबद्दल बोलावं. दुसरं मत घेणं, प्रश्न विचारणं, औषधांची नावं समजून घेणं हे पुण्यातल्या कुठल्याही पेशंटला जमण्यासारखं आहे.

आणि ते ‘विष’ म्हणजे काय, तेही सांगायला हवं. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचं संयुग आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू लांबत गेले, पण त्यांचं विभाजन थांबलं. हा विजेचा परिणाम नव्हता. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेलं संयुग ते करत होतं. हे प्रसिद्ध झालं १९६५ मध्ये. १९७४ मध्ये इंडियानापोलिसच्या लॉरेन्स आइनहॉर्न यांनी पसरलेल्या वृषणाच्या कॅन्सरवर सिस्प्लॅटिन इतर औषधांसोबत द्यायला सुरुवात केली. त्याआधी या अवस्थेतला दहातला एखादा जगायचा. आज रोग पसरलेला असूनही दहातले साधारण आठ बरे होतात. मधल्या काळात माणसांची इच्छाशक्ती आठपट झाली नाही, औषध बदललं.

बीईपीची एक फेरी २१ दिवसांची असते. पहिले पाच दिवस रोज सिस्प्लॅटिन, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २० मिलिग्रॅम. पृष्ठभाग १.८ चौरस मीटर भरला तर ३६ मिलिग्रॅम. इटोपोसाइड त्याच पाच दिवसांत दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम. ब्लिओमायसिन आठवड्यातून एकदा ३० युनिट, असं तीन वेळा. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला दुखवतं, म्हणून ते चढवण्याच्या आधी आणि नंतर बाटल्यामागून बाटल्या सलाईन जातं. खाटेखाली मापाचं भांडं असतं आणि किती लघवी झाली ते सिस्टर दर वेळी लिहून घेतात. लघवी कमी पडली की पुढचा डोस थांबतो. ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुई चालत नाही, कारण त्या धातूशी संयोग होऊन औषध वाया जातं. उलटी थांबवणारी औषधं आधी देतात. उलटी सुरू झाल्यावर ती आवरणं कठीण जातं. कानात शिट्टी वाजल्यासारखं होऊ लागलं किंवा बोटं बधिर झाली तर ते सांगायचं, सोसत बसायचं नाही. आणि ज्याला पुढे मूल हवं आहे त्याने पहिल्या डोसच्या आधी वीर्य गोठवून ठेवायचं. हा प्रश्न घरात कुणी काढत नाही आणि नंतर वेळ गेलेली असते.

औषध लागू पडतंय की नाही हे पेशंटच्या चेहऱ्यावरून ठरत नाही. गाठीतून रक्तात उतरणारी एचसीजी आणि एएफपी ही दोन द्रव्यं मोजतात. उपचार लागू पडत असेल तर एचसीजी दर एक ते दीड दिवसाला निम्मं होतं, एएफपी पाच ते सात दिवसांत. आकडा या वेगाने उतरला नाही तर डॉक्टर औषध बदलण्याचा विचार करतात. आर्मस्ट्राँग या आकड्याची कशी वाट पाहायचा ते पुस्तकात आहे. मेसेजमध्ये नाही.

‘युवराजनेही तेच केलं’

हो, तेच केलं. तोही इंडियानापोलिसलाच गेला.

२०११ च्या विश्वचषकात ३६२ धावा आणि १५ बळी घेऊन युवराज सिंग स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या काळात त्याला खोकला होता, धाप लागायची. चेन्नईत वेस्ट इंडिजविरुद्ध ११३ धावा करताना मैदानावरच उलटी झाली आणि बघणाऱ्यांना तो उकाड्याचा त्रास वाटला. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत सेमिनोमाची गाठ होती. वृषणाचा कॅन्सर ज्या जनन पेशींतून होतो, त्याच कुळातली. जानेवारी ते मार्च २०१२ या काळात बॉस्टन आणि इंडियानापोलिसला किमोच्या तीन फेऱ्या झाल्या, आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली. एप्रिलमध्ये तो भारतात परतला आणि ११ सप्टेंबरला चेन्नईतच न्यूझीलंडविरुद्ध टी-ट्वेंटी खेळला. आपल्याला काही मोठं झालंय हे मानायला सुरुवातीला मन तयार नव्हतं, हे त्याने स्वतः सांगितलं आहे.

‘त्याच्याकडे पैसा होता, अमेरिकेला गेला’ असं यावर कुणीतरी म्हणतंच. सिस्प्लॅटिन, इटोपोसाइड, ब्लिओमायसिन ही तिन्ही जुनी औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि पुण्यात मिळतात. किमो, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. रेशनकार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी त्याला भेटावं.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. ही दोन्ही उदाहरणं जनन पेशींच्या कॅन्सरची आहेत, आणि गाठीच्या रूपात वाढणाऱ्या कॅन्सरांमध्ये किमोने इतकी वितळणारी गाठ क्वचितच दुसरी असेल. तोंडाच्या, जठराच्या किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा हिशेब वेगळा असतो. मावशीच्या स्वादुपिंडाच्या रिपोर्टपुढे युवराजचं नाव घेणं तिच्यावर अन्याय करणारं आहे.

‘इच्छाशक्ती दांडगी असली की कॅन्सर हरतो’

सगळ्या मजकुरात हे वाक्य सर्वांत जास्त दुखावणारं आहे, कारण त्याचा उलटा अर्थ पेशंटला लगेच कळतो: बरा झालो नाही तर मीच कमी पडलो.

याला उत्तर एका ऑलिंपिक विजेत्याने दिलेलं आहे. नेदरलँड्सच्या मार्टेन व्हॅन डर वेइडनला २००१ मध्ये रक्ताचा कॅन्सर झाला. किमो आणि मूलपेशींचं प्रत्यारोपण होऊन तो बरा झाला आणि २००८ मध्ये बीजिंगला १० किलोमीटर खुल्या पाण्यातल्या पोहण्यात त्याने सुवर्णपदक जिंकलं. लोक आर्मस्ट्राँगशी तुलना करू लागले तेव्हा त्याने ती स्पष्ट शब्दांत नाकारली. सकारात्मक विचार आणि खेळ तुम्हाला वाचवतात असं म्हणणं त्याला धोकादायक वाटतं. कारण मग जो सतत तसा विचार करू शकत नाही तो आपल्याच चुकीने हरला असं ठरतं. आपल्याला डॉक्टरांनी वाचवलं आणि नशिबाने साथ दिली, असं तो म्हणतो. हा मजकूर मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

याची मोजणीही झालेली आहे. तोंड, घसा आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचाराच्या सुरुवातीला कोण मनाने किती उभारीत होतं आणि कोण किती दिवस जगलं, यांत संबंध आढळला नाही. तंबाखूमुळे आपल्याकडे हेच कॅन्सर भरपूर आहेत, म्हणून हा अभ्यास आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा.

मनाची उभारी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. फेरी न चुकवणं, दोन घास खाणं, वेळेवर तपासणीला जाणं यासाठी ती लागते. पण पेशंट रडला, घाबरला, चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला तर औषधाचा जोर कमी होत नाही. हे त्याला कुणीतरी घरातच सांगायला हवं. ‘पॉझिटिव्ह राहा’ ऐकून ऐकून माणसं भीती बोलायची बंद होतात आणि मग ताप, जुलाब, बधिरपणाही सांगत नाहीत.

‘रोज व्यायाम करणाऱ्याला होत नाही’

व्यायामाने मोठ्या आतड्याचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याची शक्यता कमी होते. शून्य होत नाही. वृषणाचा कॅन्सर तर तरुणांचाच रोग, साधारण १५ ते ३५ या वयात सर्वाधिक. लहानपणी वृषण खाली उतरलेलं नसेल तर धोका वाढतो. सायकलच्या सीटमुळे तो होतो असा पुरावा नाही.

पण सायकलवाल्यांना एक धोका जरूर आहे, दुखणं सीटवर ढकलण्याचा. आर्मस्ट्राँगने वृषणाची सूज बराच काळ अंगावर काढली, सायकलमुळे असेल म्हणून. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. सिंहगडाचा चढ चढून आल्यावर येणारा बधिरपणा विश्रांतीने जातो. सीटची उंची, कोन किंवा रुंदी बदलली की बहुधा थांबतो. गाठ जात नाही. महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर, त्वचा सैल असताना, प्रत्येक वृषण अंगठा आणि दोन बोटांमध्ये हलकेच फिरवून पाहावं. मागच्या बाजूला दोरीसारखा मऊ भाग लागतो, तो नैसर्गिक. एक वृषण थोडं मोठं किंवा खाली असणंही नैसर्गिक. वृषणालाच चिकटलेला टणक, बहुधा न दुखणारा खडा लागला, किंवा जडपणा वाटला, तर त्याच आठवड्यात यूरॉलॉजिस्टकडे जाऊन सोनोग्राफी करावी. इथे सुई घालून तुकडा काढत नाहीत. संशय पक्का असेल तर जांघेतून वृषणच काढतात, म्हणजे रोग पसरायला नवी वाट मिळत नाही.

‘कॅन्सरनंतर सात वेळा जिंकला’

१९९९ ते २००५ ही सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली आणि आजन्म बंदी आली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर मुलाखतकार ओप्रा विन्फ्रीसमोर कबूल केलं की सातही वेळा प्रतिबंधित औषधं घेतली होती. पुस्तकात मात्र तो स्वच्छ असल्याचं सांगतो. तेव्हा शर्यतींची पानं पुरावा म्हणून वापरू नयेत. दवाखान्याची पानं टिकतात. रोग, शस्त्रक्रिया आणि औषधं खरी होती.

‘पुस्तक प्रत्येक पेशंटला भेट द्या’

आधी विचारा. ज्याचा रोग बरा होण्यासारखा नाही त्याच्या हातात विजयाची गोष्ट देणं क्रूर ठरू शकतं. पेशंटला हवं असेल तर पहिल्या फेरीच्या आधी किंवा दोन फेऱ्यांमधल्या बऱ्या आठवड्यात द्या. किमोच्या पाच दिवसांत अक्षरावर नजर ठरत नाही, वासाने मळमळतं, दोन पानांपुढे लक्ष राहत नाही. तेव्हा कुणी वाचून दाखवलं तर बरं वाटतं. पुस्तकासोबत काढ्याची बाटली नको. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत, आणि काही भस्मांतले जड धातू सिस्प्लॅटिनने आधीच शिणलेल्या मूत्रपिंडावर पडतात. काही घ्यायचंच असेल तर आधी डॉक्टरांना बाटली दाखवा.

आणि पुस्तकात खूण म्हणून एक जाड कागद घाला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: औषधांची नावं, शेवटच्या किमोची तारीख, वॉर्डचा रात्रीचा फोन नंबर. खाली: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, किंवा थंडी वाजली, तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. फेरीच्या दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला असतात. त्या तारखा कागदावर लाल पेनाने लिहून ठेवा.