नाव लपवलं, मॅक फिल्टर लावला, म्हणजे वायफाय सुरक्षित झालं?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: डब्ल्यूपीए२, म्हणजे घरोघरच्या वायफायचं नेहमीचं कुलूप, २०१७ मध्येच फुटलं, त्यामुळे लांबलचक पासवर्डाला अर्थ नाही. नेटवर्कचं नाव लपवा, मॅक फिल्टर (यादीतल्या उपकरणांचे पत्तेच आत घेणारी सोय) लावा, पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर पुरे, पाहुण्यांसाठी डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) चालू ठेवा. आणि शेवटी, ‘आपल्या वायफायवर चोरण्यासारखं आहे तरी काय?’

आधी २०१७चं बघू. त्या ऑक्टोबरात मॅथी व्हानहूफ या बेल्जियन संशोधकाने ‘क्रॅक’ हल्ला जाहीर केला, हे खरं. पण त्यात पासवर्ड हाती लागत नव्हता. एकदा वापरलेली किल्ली उपकरणाला पुन्हा बसवायला लावून काही डेटा वाचता येत होता, तोही रेंजमध्ये येऊनच. अपडेट्सनी ते भोक बुजवलं. खरोखर फुटलंय ते त्याआधीचं जुनं कुलूप, डब्ल्यूईपी. त्याची १०४ बिटांची किल्ली २००७ मध्ये डार्मस्टाटच्या संशोधकांनी मिनिटाभरात काढून दाखवली.

नाव लपवणं म्हणजे दारावरची पाटी काढणं. त्याने कडी लागत नाही. राउटर गप्प बसला तरी तुमचा फोन जोडला जाताना ते नाव उघडपणे घेतोच.

मॅक फिल्टरचंही तेच. डेटा कूटबद्ध असला तरी हवेतून जाणाऱ्या त्याच्या प्रत्येक तुकड्यावर उपकरणाचा पत्ता उघडाच असतो. तो ऐकायचा आणि आपल्या लॅपटॉपला लावायचा, झालं. त्रास होतो तो घरच्यांना: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला बनावट पत्ता देतात. यादीत मूळ पत्ता टाकलात तर तुमचाच फोन बाहेर!

मोबाइल नंबरचा सल्ला मात्र सगळ्यात घातक. डब्ल्यूपीए२मध्ये फोन जोडला जातानाची देवाणघेवाण कुणी टिपली, तर पुढचे अंदाज तो घरी बसून करू शकतो. राउटरला पत्ताही लागत नाही. सहा ते नऊने सुरू होणारे दहा आकडी नंबर जास्तीत जास्त ४०० कोटी. तगडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज सहज करतं. म्हणजे तासाभराचं काम. त्यातून तुमचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर आहेच.

डब्ल्यूपीएसचा पिन आठ आकडी, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघड झालं. बंद करा.

आणि चोरण्यासारखं काय? २६ जुलै २००८ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वायफायपर्यंत पोचला. तिथे राहणाऱ्या माणसाने तो पाठवला नव्हता. चौकशीला मात्र त्यालाच सामोरं जावं लागलं.

राउटरमध्ये डब्ल्यूपीए३, म्हणजे डब्ल्यूपीए२च्या पुढची आवृत्ती, असेल तर तेच निवडा. त्यात असे घरबसल्या अंदाज चालत नाहीत. जुनी उपकरणं अडली तर डब्ल्यूपीए२-एईएस; टीकेआयपी ही कूटबद्ध करायची जुनी पद्धत नको. पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा. पाहुण्यांना राउटरमधलं वेगळं गेस्ट नेटवर्क द्या.