नारळ तोडायला अर्ज आहे, जगवायला काय आहे?

परवा रात्री झोपायच्या आधी फोन बघितला तर नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ऐंशी-नव्वद मेसेज पडलेले. विषय काय, तर कंपाउंडच्या कडेचे अकरा नारळ तोडायचे. का, तर पानांवरून चिकट काहीतरी गळतं, गाड्यांवर काळा थर बसतो, आणि उद्या नारळ पडून कुणाचं डोकं फुटलं तर जबाबदार कोण. सगळ्यात जास्त अंगठे मिळालेला मेसेज म्हणजे "नारळ काय, एपीएमसीत पोत्याने मिळतात, त्या जागी बॉटल पाम लावू." लिहिणारा माझा आतेभाऊ, तोच सेक्रेटरी. तीन दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये.

अरे दादा, तो चिकटा झाडाचा नाहीच. ती रुगोज पांढरी माशी. पानाच्या खालच्या बाजूला गोल गोल पांढरी नक्षी दिसते ना, ती तिची अंडी. ती रस पिते, गोड चिकटा खाली सोडते, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि तीच तुमच्या गाड्यांवर. ही माशी आपली नाही, मध्य अमेरिकेकडची. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला पहिल्यांदा सापडली आणि मग रोपांबरोबर, झावळ्यांबरोबर सगळीकडे पसरली. तिला खाणारी एक बारीकशी गांधीलमाशी आहे, एन्कार्सिया, ती पांढऱ्या माशीच्या पिल्लांमध्ये अंडी घालते. कडक औषध मारलं की आधी ही मरते आणि पांढरी माशी दुप्पट जोराने परत येते. गेल्या वर्षी सोसायटीने कुणाला तरी बोलावून दोनदा फवारणी केली होती, मग यंदा वाढली तर नवल काय? केरळातल्या कासरगोडच्या नारळ संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सांगतात की जोराने पाणी मारा, काळा थर काढायला स्टार्चचं पातळ पाणी मारा, त्या गांधीलमाशीला जगू द्या. एवढंच. यासाठी झाड तोडायचं?

मी राहतो त्या हवाईच्या ओआहू बेटावर डिसेंबर २०१३ मध्ये पर्ल हार्बरच्या तळावर गेंड्या भुंगा सापडला. आपल्याकडे कोकणात कुठल्याही शेणखताच्या खड्ड्यात असतो तोच. तो शेंड्यात घुसून कोवळा गाभा खातो, आणि पान उघडलं की कात्रीने कापल्यासारखं व्ही आकारात कापलेलं दिसतं. इथे त्यासाठी हॉटलाइन आहे, झाडांना काळे सापळे टांगलेत, २०२२ पासून कंपोस्ट, मल्च म्हणजे आच्छादनाचा पालापाचोळा, ताडाची रोपं दुसऱ्या बेटांवर न्यायला निर्बंध आहेत, आणि २०२५ मध्ये राज्याच्या कृषी खात्याच्या नावातच बायोसिक्युरिटी, म्हणजे बाहेरच्या किडी-रोगांपासून बचाव, घातली. नारळ म्हणजे खाणं, खाणं म्हणजे सरकारचं काम, असा सरळ हिशोब.

दादाचं यावर उत्तर, "मग थांबला का तुमचा भुंगा?" नाही थांबला. २०२३ मध्ये कवाई, माउई, बिग आयलंड या बेटांवरही सापडला, इथे वाइपाहूत एच-वन हायवेवरून जाताना नुसते खांब उभे दिसतात. आपल्याकडे भुंग्याला रोग आहेत, शत्रू आहेत, आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबत राहिलोय, आणि इथे आलेल्या त्याच्या उपप्रकारावर भुंगा मारायला वापरतात तो जुना विषाणूसुद्धा नीट चालत नाही, हे मला माहीत आहे. वायकीकीतले हॉटेलवाले नारळ मोठे व्हायच्या आतच कापून टाकतात, पडायची भीती म्हणून, तेही मी ग्रुपवर लिहिलं नाही, कारण दादाला आयतं मिळालं असतं. पण तरी माझं म्हणणं तेच. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांचा कायदा आहे, तोडायला पालिकेची परवानगी लागते, २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज म्हटलं. भर सगळा तोडण्यावर! आजारी नारळ घेऊन माणसाने जायचं कुठे? वॉर्डात एक चढणारा माणूस, एक उंच पाणी मारायचा पंप, छाटणीच्या कुजणाऱ्या ढिगांवर लक्ष आणि बाहेरून येणाऱ्या रोपांची तपासणी, एवढं पालिकेने करावं, आणि झाडं मोजताना फळ देणारं झाड वेगळं मोजावं. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, भाट्याचं नारळ संशोधन केंद्र आहे, शिकवायला माणसं आपल्याच राज्यात आहेत.

हॉटेलवाल्यांचं सोडून बाकी सगळं मी लांबलचक लिहून पाठवलं. दादाने एकच ओळ लिहिली, "सानपाड्याचे तीन आठवतात ना?"

आठवतात. गावठाणातल्या घरामागे आजोबांनी लावलेले तीन माड, सिडको यायच्या आधीचे. नारळी पौर्णिमेला खाडीवर जायचा तो नारळ त्यांचाच. घर पाडून चार मजली बांधायचं ठरलं तेव्हा बाबांनी मला फोन करून विचारलं होतं, माडांचं काय करू. मी इथे नवीन होतो, दुसऱ्या जॉबला निघायची घाई, म्हटलं तोडा, त्यात काय. दीड मिनिटाचा फोन. त्या दिवशी तिथे उभं राहून झावळ्या ओढणारा दादाच होता.

आणि गेल्या वर्षी शेजारच्या हवाईयन अंकलचा निऊ, म्हणजे नारळ, भुंग्याने गेला तेव्हा मी त्यांच्याबरोबर अंगणात उभा राहून रडलो. ते मला विचारत होते, तुमच्याकडे घरामागे नारळ असतात ना? मी हो म्हणालो.

दादाला खरं ते लिहिलं, की तेव्हा चुकलो. आईच्या फ्लॅटवर माझंही नाव आहे म्हणून मीटिंगसाठी विरोधाचं पत्रही पाठवलंय, आणि वर्षभराच्या चढणाऱ्याचे पैसे मी भरतो असंही. त्यावर तो अजून काही बोललेला नाही. आईला मात्र पटलंय. काल फोनवर म्हणाली, पाणी मारायचं तर खालच्या नळाचा पाइप शेंड्यापर्यंत पोचत नाही रे, गच्चीच्या टाकीवरून घ्यावा लागेल, दादाला तू सांग, माझं ऐकत नाही तो.