मॉनिटरची कुंडली

घरातल्या एकाचाही मोबाइल नंबर मला पाठ नाही. पण केव्हाच भंगारात गेलेल्या माझ्या पंधरा इंची मॉनिटरची हॉरिझॉन्टल सिंक ३० ते ५४ किलोहर्ट्झ होती, हे मला झोपेतून उठवून विचारा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची कृपा, दुसरं काय!

आधी विंडोज वापरत होतो तेव्हा असल्या चौकशा कधी झाल्या नाहीत. लिनक्स टाकायला घेतलं आणि उलटतपासणी सुरू झाली. मॉनिटर किती किलोहर्ट्झचा? ग्राफिक्स कार्डावर चिप कुठली? साउंड कार्ड कोणत्या आयआरक्यूवर, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायच्या कुठल्या लाइनवर? माउसला बटणं दोन की तीन? (दोनच असतील तर दोन्ही एकदम दाबायची आणि तिसरं आहे असं समजायचं.) स्थळाचीसुद्धा कोणी इतकी कुंडली मागत नाही. मॉनिटरचे आकडे चुकले तर तो जळू शकतो, अशी प्रेमळ सूचनाही सोबत असायची. मग काय, कॅबिनेट उघडायचं, दातांत टॉर्च धरायचा आणि धुळीच्या थराखाली चिपवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची. पत्र्याच्या कडेनं बोट कापल्याशिवाय उत्तर मिळत नसे.

एवढं करून मशीन सुरू केलं की लिलो आडवा यायचा. हा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताना लिनक्सला जागं करणारा प्रोग्रॅम, एकेक टप्पा पार पडला की स्वतःच्या नावातलं एकेक अक्षर पडद्यावर उमटवायचा. चारही आली तर आपण जिंकलो. माझ्याकडे 'एल' यायचं, 'आय' यायचं आणि पुढे शांतता. निम्म्या नावावर अडलेल्या त्या पडद्याकडे मी किती वेळ आशेनं बघत बसलोय!

मॉडेमबद्दल न बोललेलंच बरं. ते निघालं विनमॉडेम. म्हणजे अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) ढकलून स्वतः निवांत बसणारं. लिनक्समध्ये ते नुसतं स्लॉट अडवून होतं. ड्रायव्हर इंटरनेटवर मिळेल असं कळलं. इंटरनेट मॉडेममधून येणार होतं.

प्रिंटरचा मात्र मला अभिमान आहे. नेमकं काय बिघडलंय हे उमगलं नाही, तर लिनक्स सरळ 'एलपी-झीरो ऑन फायर' असा संदेश द्यायचं. प्रिंटर पेटलाय! मी हात लावून पाहिलं. गारच होता. पण कागद अडकल्याची बातमी इतक्या तळमळीनं मला आजवर कोणी दिलेली नाही.

हल्ली लिनक्स स्वतःच सगळं ओळखतं. टाइम झोन आणि नाव विचारतं, की झालं. चिपची चौकशी नाही, किलोहर्ट्झ नाहीत. माझं एवढं पाठांतर वाया गेलं, त्याचं कोणाला काही नाही. आयडीई केबली, जंपर, गोळीवाला माउस असा सगळा ऐवज मी माळ्यावर एका खोक्यात जपून ठेवलाय. 'कधीतरी लागेल' या सबबीवर त्याला दर दिवाळीच्या आवराआवरीत मुदतवाढ मिळते.

लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहायला घेतलं, त्याच ३८६ वर चालायची सोय २०१२ च्या डिसेंबरात कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, काढून टाकली गेली. त्यावर हे गृहस्थ काय म्हणाले? मी काही भावनाप्रधान नाही, गेली ब्याद!

हे वाक्य मी घरात कोणाच्याही कानावर जाऊ दिलेलं नाही.