सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणे

युद्ध म्हटलं की सुक्याबरोबर ओलंही जळणारच, असं कुणी ठामपणे लिहिलं की मला ‘आरँडोरा स्टार’ हे जहाज आठवतं.

१० जून १९४० ला मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या रात्री लंडनच्या सोहो भागात, एडिनबरा, ग्लासगोमध्ये इटालियन लोकांच्या कॅफेंच्या, आइस्क्रीमच्या दुकानांच्या काचा फुटल्या. चर्चिलचा हुकूम एकच : सरसकट उचला. गेल्या वीस वर्षांत ब्रिटनमध्ये आलेले १६ ते ७० वयाचे पुरुष, शिवाय एमआय-फाइव्ह या ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या यादीतले सुमारे १,५०० ‘धोकादायक’. ही यादी मुख्यतः तिथल्या इटालियनांच्या फॅशिस्ट क्लबच्या सदस्यांची. परमुलखात माणूस आपल्या लोकांच्या मंडळात नाव कशाला घालतो? पोरांना भाषा यावी, चार ओळखीचे चेहरे भेटावेत म्हणून. (परदेशातल्या मराठी मंडळांत तरी दुसरं काय असतं?)

चौकशीला वेळ नव्हता, हे समर्थन मला पटत नाही. जर्मन-ऑस्ट्रियन लोकांसाठी १९३९ मध्येच न्यायाधिकरणं बसली, ७० हजारांवर माणसांची एकेक करून तपासणी झाली. इटली त्यानंतर जूनपर्यंत युद्धाबाहेरच होती. तेवढ्या महिन्यांत इटालियनांना कुणी काही विचारलं नाही.

म्हणून देचिओ आन्झानीही त्या यादीत. लंडनमध्ये तीसेक वर्षं राहिलेला शिंपी, मुसोलिनीचा उघड विरोधक. त्याला फॅशिस्टांच्याच रांगेत उभा करून ‘आरँडोरा स्टार’वर चढवला. जहाज कॅनडाला निघालं होतं. डेकवर काटेरी तारा, कैदी आहेत हे सांगणारी खूण बाहेर कुठेही नाही. २ जुलैला आयर्लंडच्या वायव्येला जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ८०० हून जास्त माणसं गेली, त्यात सव्वाचारशेवर इटालियन. आन्झानीही गेला. शिल्पकार एदुआर्दो पाओलोझ्झीचे वडील आणि आजोबा एकाच सकाळी बुडाले. १६ वर्षांचा पाओलोझ्झी तेव्हा एडिनबराच्या तुरुंगात. आणि वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना दहा दिवसांच्या आत दुसऱ्या जहाजात कोंबलं, ‘डुनेरा’त, थेट ऑस्ट्रेलियाला! इथे माझी सहनशक्ती संपते.

लांबचं वाटतंय? याच युद्धात इंग्रजांनी आपल्या पुरंदरावर जर्मन नागरिक ठेवले होते, त्यांत हिटलरला भिऊन पळालेले ज्यूही होते. आणि १९६२ मध्ये आपणच सुमारे ३,००० चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानातल्या देवळीत नेऊन डांबलं. त्या महायुद्धात डांबलेल्या आपल्या इटालियनांची कॅनडाने २०२१ मध्ये संसदेत माफी मागितली. देवळीतल्यांची माफी कोण मागणार?